चौलची बत्तीस पानं

आतिफा मुकादमला प्रश्न विचारायची खोड होती. नवरा आमिर मस्कतला ट्रक चालवायचा तेव्हा तिनं पत्रातून विचारलं होतं, 'तुमच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं?' आमिरनं लिहिलं, 'भिंत.' पुढच्या पत्रात तिचा प्रश्न, 'कसली? विटांची की दगडाची? आणि कुणाची?' शेवटी एका सुट्टीच्या दिवशी आमिर पलीकडच्या गल्लीत गेला, चौकशी केली आणि ती भिंत खजुराच्या गोदामाची असल्याचं कळवलं. तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

पुढे आमिर पाठदुखी घेऊन कायमचा परतला आणि चौलला घरच्या वाडीत नारळ-सुपारी बघू लागला. त्याच वर्षी आतिफाला गावच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा मिळाली. आज ती सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि त्या खुर्चीवर तिला बारा वर्षं झाली आहेत.

वाचनालयाच्या माळ्यावर तीन पत्र्याच्या पेट्या होत्या. गावातली जुनी घरं बंद होताना लोकांनी आणून दिलेले कागद त्यांत भरलेले. पत्रं, शाळेचे दाखले, गलबतांचे परवाने, लग्नाच्या पत्रिका. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही, असा तो माल. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेनं कोकणातली तेवीस छोटी वाचनालयं आणि संग्रहालयं निवडली, त्यांत चौलचा नंबर लागला. संस्थेचा प्रज्योत नावाचा तरुण लॅपटॉप घेऊन आला आणि आतिफाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"म्हणजे हे सगळे कागद इंटरनेटवर टाकायचे?" आतिफानं विचारलं.

"कागद नाही मॅडम, कागदांबद्दलची माहिती. काय आहे, कुणी लिहिलं, कधी, पानं किती, आणि कुठे ठेवलंय. मेटाडेटा म्हणतात त्याला. सोबत नमुन्याचा एखादा फोटो."

"नुसती माहिती कोण वाचणार?"

"ज्याला शोधायचंय तो. उद्या कुणाला चौलचा एखादा कागद हवा असेल, तर तो या माळ्यावर पडलाय हे त्याला कळणार कसं?"

आतिफाला ते पटलं. मग प्रज्योतनं सॉफ्टवेअर दाखवलं. प्रत्येक वस्तूसाठी एक नोंद, नोंदीत रकाने, आणि वर एक निळं बटण. ते दाबलं की चौलच्या नोंदी पुण्याच्या सर्व्हरवर जायच्या आणि बाकी बावीस ठिकाणी झालेले बदल इकडे यायचे. प्रज्योत त्याला सिंक म्हणायचा, आतिफाही तेच म्हणू लागली. ते काम ती शुक्रवारी दुपारी करायची. तेव्हा वाचनालयात कुणी नसायचं आणि रेंजही बरी असायची.

"एका नोंदीला तीन ओळी पुरे," प्रज्योत जाताना म्हणाला.

तीन ओळी तिला कधीच पुरल्या नाहीत.

तिसऱ्या पेटीत नाखव्यांच्या घरातून आलेलं एक गाठोडं होतं. मोहम्मद नाखवा म्हणून गावात कुणी गलबतवाला होऊन गेला, एवढंच आता लोकांना आठवत होतं. त्याचे वारस मुंबईला गेले आणि घर विकलं गेलं, तेव्हा गाठोडं वाचनालयात आलं. त्यात एक वही निघाली. लाल दोऱ्यानं शिवलेली, पुठ्ठा फक्त पुढचा, मागची पानं फाटून गेलेली. उरली होती ती बत्तीस, वर पानांचे आकडे घातलेली. प्रत्येक पानावर पेन्सिलीनं काढलेली किनारपट्टी होती. डोंगर, माड, एखादा कळस, पाण्यातला खडक. खाली दोनचार शब्द. 'इथे वळा.' 'डावीकडे खडक.' 'टोक दिसले की थांबा.' एका पानाच्या कोपऱ्यात १९३६ असा आकडा.

वाळूत उभं राहून किनारा असा दिसत नाही. असा दिसतो तो पाण्यावरून. आतिफाच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं नोंद केली: 'गलबतावरच्या खुणांची वही.' लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं, दुसरं लिहिणार काय? मग तिनं बत्तीसही पानांचं वर्णन केलं. कुठल्या पानावर किती माड, त्यातला वाकलेला कितवा, डोंगराचा कडा कुठे तुटलेला. त्यात तिचे अकरा दिवस गेले. पुढच्या शुक्रवारी तिनं निळं बटण दाबलं आणि नोंद पाठवून दिली.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका शुक्रवारी सिंक झाल्यावर तिनं सहज ती नोंद उघडली. वर्णन गायब होतं. त्या जागी चार ओळी होत्या. 'शाळकरी मुलीची चित्रकला वही. डोंगर, झाडे, पाणी. अक्षर पुसट. पाने ३३ ते ६९.' ठिकाण: तळा.

आतिफानं आधी चष्मा पुसला. मग नोंद बंद करून पुन्हा उघडली. मग नोंदीखालचा फोन नंबर लावला. तळ्याच्या एका शाळेनं आपल्या वर्गखोलीत छोटं संग्रहालय मांडलं होतं. त्याचं काम बघणारे निकेत म्हात्रे नावाचे मराठीचे शिक्षक फोनवर आले.

"माझी वही कुठे गेली?" आतिफानं विचारलं.

निकेतनी आपल्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली. मग सारा उलगडा झाला. सॉफ्टवेअर सारख्या दिसणाऱ्या नोंदी शोधून 'संभाव्य जुळण्या' अशी यादी दाखवायचं. तिथे चौलची आणि तळ्याची नोंद शेजारी शेजारी आली होती. तोच लाल दोरा, तेच माप, तसाच कागद. निकेतना वाटलं, एकच वही चुकून दोनदा चढलीये. त्यांनी 'एकत्र करा' दाबलं. त्यांचा बदल नंतरचा, म्हणून तो टिकला. पुढच्या सिंकमध्ये तो चौलच्या कॉम्प्युटरवरही येऊन बसला.

"माझी अकरा दिवसांची मेहनत होती हो ती."

"चुकलं माझं, मॅडम," निकेत म्हणाले. "मी प्रज्योतना आत्ता फोन करतो. जुनं परत येत असेल."

आलंही. सॉफ्टवेअर जुन्या आवृत्त्या जपून ठेवत होतं. प्रज्योतनं दोन्ही नोंदी वेगळ्या करून दिल्या. आतिफाचा राग संध्याकाळपर्यंत उतरला, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिची वही बत्तिसाव्या पानावर फाटलेली होती. त्यांची तेहतीसपासून सुरू होत होती.

शनिवारी तिनं पुन्हा फोन केला.

"सर, ती चित्रकलेची वही नाही. ती समुद्रावरून किनारा ओळखायची वही आहे. दर्यावर्दी माणसानं केलेली."

"मॅडम, मी पंधरा वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय. 'खडक'मधला ख बघा कसा काढलाय. हे चौथी-पाचवीच्या मुलीचं अक्षर आहे. आणि वही देणाऱ्यानंच सांगितलं, माझ्या दादीची म्हणून. जहुरा नाव तिचं. माहेर समुद्राकडचं कुठलंतरी."

आतिफानं वही उघडून ख बघितला. निकेतचं म्हणणं खरं होतं. गोल, सांभाळून काढलेलं, शाळेतलं अक्षर होतं ते. इतके दिवस ती डोंगर बघत बसली आणि अक्षराकडे तिनं पाहिलंच नाही. मग तिनं एक अंदाज बांधला. बापाला लिहिता येत नसेल. तो घरी आल्यावर सांगत असेल, आणि मुलगी शाळेच्या पेन्सिलीनं काढत असेल. निकेतनाही ते पटण्यासारखं वाटलं.

पण अंदाज नोंदीत घालायचा तर आधी पडताळून बघायला हवा. आतिफा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्मली आणि वाढली, तरी पाण्यावर गेली होती ती फक्त मांडव्याच्या लाँचमधून, तीही आत बाकावर बसून. तिनं आमिरला सांगितलं, "मला रेवदंड्याहून होडीनं बाहेर जायचंय."

"कशाला?"

"चौल बाहेरून कसं दिसतं ते बघायला."

आमिरनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. भिंतीचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. त्याच्या ओळखीचे काळूराम तांडेल रेवदंड्याच्या कोळीवाड्यात राहायचे. साठी ओलांडलेले, पण अजून स्वतः होडी नेणारे. डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी आतिफाला आणि आमिरला होडीत घेतलं. आतिफानं पानांचे फोटो मोठे छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले होते.

खाडीचं मुख मागे पडलं आणि होडी हलू लागली. आतिफानं फळी घट्ट धरली. थोडं पुढे गेल्यावर काळूरामनी इंजिन मंद केलं आणि हात पुढे केला.

"दाव बघू, बाय, तुझा कागद."

तिनं नववं पान दिलं. त्यावर चौलच्या दत्ताचा डोंगर होता, त्याच्या डाव्या अंगाला एक बारीकसं त्रिकोणी टोक, आणि खाली 'टोक दिसले की थांबा.' आतिफानं किनाऱ्याकडे बघितलं. डोंगर होता, पण टोक कुठेच नव्हतं.

काळूरामनी होडी उत्तरेला वळवली आणि हळूहळू नेत राहिले. पाच मिनिटं गेली असतील.

"आता बघ."

दत्ताच्या डोंगरामागून, डाव्या अंगानं, मागच्या रांगेचं टोक वर येत होतं. आधी नखाएवढं, मग बोटाएवढं, मग थेट कागदावरच्यासारखं. आतिफानं कागद डोळ्यांसमोर धरला, खाली केला, पुन्हा धरला. काळूरामनी इंजिन बंद केलं.

"आता थांबायचं. फुडं बोडकी हाय."

"बोडकी म्हणजे?"

"खडक. भरतीला दिसत न्हाय. आमचा बा हीच खूण धरायचा, आमी बी तीच धरतो. पन कागदावर कंदी बघितली नव्हती." त्यांनी चित्रावर बोट टेकवलं. "कोनी काढलं म्हनालीस?"

"बाप घरी येऊन सांगायचा आणि मुलगी काढायची, असं वाटतंय."

काळूरामनी मान हलवली. "न्हाय, बाय. सांगनारा काय सांगंल? टोक दिसलं का थांब, येवढंच. त्याच्या कामाचं तेवढंच. ह्यो कडा कसा तुटलाय बघ, आनि तिथं बघ. ही वगळ बघ, पानी उतरतं ती. खालची सावली बघ कुठं पडलीया, सकालची हाय ती. हे कोन सांगत बसत न्हाय. हे हितं बसून काढलंय."

"अकरा-बारा वर्षांची मुलगी होती हो ती."

"मंग ती हितं होती," काळूराम म्हणाले.

आतिफानं पिशवीतून पुढचं पान काढलं. त्या दिवशी त्यांनी आणखी सात पानं ताडून पाहिली. पाच जुळली. एका ठिकाणचे माड आता नव्हते, आणि एक जागा काळूरामनाही ओळखता आली नाही. परतताना आमिरला उलटी झाली. आतिफाला काहीच झालं नाही. त्याचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती चौलची बत्तीस पानं कापडात गुंडाळून एसटीनं रोह्याला आणि तिथून गाडी बदलून तळ्याला गेली. निकेत स्टँडवर न्यायला आले होते. फोनवरच्या आवाजावरून ते तिला वयस्कर वाटले होते, निघाले चाळिशीच्या आतले. शाळेच्या वर्गखोलीत एका काचेच्या पेटीत ती वही होती. त्यांनी पेटी उघडली. आतिफानं आपली पानं शेजारी ठेवली. बत्तिसाव्या पानावरचा डोंगर कडेला अर्धा कापला गेला होता. त्याचा उरलेला अर्धा तेहतिसाव्यावर होता.

मग निकेत हळूच म्हणाले, "आणि मी हिला चित्रकला म्हणत होतो."

आतिफा एकेक पान उलटत गेली. किनारा दक्षिणेकडे सरकत होता. कोर्लईची टेकडी मागे पडली, पुढे मुरूडकडचा डोंगर आला, मग तिला न ओळखता येणाऱ्या जागा. एकेचाळिसाव्या पानावर किनारा नव्हताच. नुसती डोलकाठी, एक दोर, आणि आडव्या झालेल्या माणसाचे तळपाय. खाली पेन्सिलीच्या दोन ओळी, जवळजवळ पुसलेल्या. निकेतच्या नोंदीतलं 'अक्षर पुसट' ते हेच. आतिफा वही घेऊन खिडकीपाशी गेली आणि ऊन तिरपं पडेल अशी धरली. एकेक अक्षर लावत तिनं मोठ्यानं वाचलं.

"काल दुपारी अब्बा निजले. सुकाणू मी धरले."

निकेत उठून तिच्याजवळ आले आणि त्यांनी स्वतः वाचलं. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "मी रेहानभाईंना बोलावतो."

रेहानचं गावातच टायरचं दुकान होतं. वही त्यानंच शाळेला दिली होती. हाताला काळं लागलेलं, ते दारातच फडक्याला पुसत तो आत आला. त्याला वाटलं वहीचं काही बिघडलंय. आतिफानं त्याला बाकावर बसवलं, ते पान दाखवलं, आणि होडीतली सगळी हकिगत सांगितली.

"दादी? गलबतावर?" रेहान म्हणाला. "नाही हो ताई. दादी तळ्याच्या बाहेर गेली नाही कधी. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, ती इथेच गेली. तिच्या बापाचं नाव मोहम्मद, एवढंच ठाऊक. समुद्राचं नावसुद्धा काढायची नाही."

"कधीच काही बोलल्या नाहीत?"

रेहान आठवत राहिला. "पोहायची मात्र. आम्हा सगळ्या पोरांना तिनं विहिरीत पोहायला शिकवलं. या गावात बाई पोहते म्हणून लोक काठावर बघायला यायचे. आम्ही विचारायचो, दादी, कुठे शिकलीस? तर म्हणायची, आईच्या पोटात." तो हसला. वही मांडीवर घेऊन त्यानं ते पान पुन्हा बघितलं. पेन्सिलीवर बोट लागू नये म्हणून हात मागे धरून. "ही वही तिच्या कपड्यांच्या तळाशी होती. आम्हाला वाटलं, शाळेची आठवण."

चहा आला. निकेतनी जरा संकोचत विषय काढला. "आतिफाताई, ही पानं तुम्ही चौलला घेऊन जा. रेहानभाईंची हरकत नसेल तर. वही पुरी होईल."

रेहान काही बोलायच्या आत आतिफा म्हणाली, "नको. वही तिनंच फाडली असेल, नाहीतर अर्धी तिला दिली गेली असेल. कसंही असो, माहेराहून ती हेच घेऊन आली. ते इथेच राहू दे."

"मग नोंद?"

तिथेच बसून त्यांनी प्रज्योतला फोन लावला. प्रज्योत म्हणाला, दोन नोंदी दोन ठिकाणीच ठेवा, पण त्यांच्यात नातं जोडता येतं. एक पहिला भाग, एक दुसरा. इकडची उघडली की तिकडची दिसेल. आणि लेखकाखेरीज माहिती देणाऱ्याचंही नाव घालता येतं, त्यासाठी वेगळा रकाना आहे. "आणि एक," तो म्हणाला, "एकत्र करायचं बटण आम्ही बदलतोय. आता दोन्हीकडून होकार आल्याशिवाय ते चालणार नाही. तुमच्या प्रकरणानंतर ठरवलं."

निकेतच्या कॉम्प्युटरवर आतिफानं दोन्ही नोंदी उघडल्या. आपल्याकडचं 'अज्ञात' पुसलं आणि दोन्हीकडे लिहिलं, 'जहुरा मोहम्मद नाखवा.' शीर्षक काय द्यायचं यावर दोघांची थोडी हुज्जत झाली. निकेतना 'समुद्रप्रवासाची चित्रे' हवं होतं. आतिफा म्हणाली, चित्रं बघायची असतात, ही वापरायची आहेत. शेवटी 'जहुराने काढलेल्या किनाऱ्याच्या खुणा' असं ठरलं. बोडकी खडकाचं नाव कुठल्या नकाशात नव्हतं. ते नोंदीत आलं आणि माहिती देणारे म्हणून काळूराम तांडेलांचं नाव लागलं. पुढे आतिफानं त्यांना ते फोनवर उघडून दाखवलं, तर त्यांनी डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, "बाचं नाव बी घाल. खूण त्याची हाय." तिनं तेही घातलं.

रेहान जायला निघाला तेव्हा दारात थबकला.

"ताई, एक विचारू? दादी एवढं छान काढायची, मग थांबली का?"

आतिफानं वही पुन्हा उघडली. अठ्ठावन्नाव्या पानावर एका बंदराचा धक्का अर्धवट काढलेला होता. त्यानंतर अकरा पानं कोरी होती. लग्न, आजारपण, गलबत विकलं गेलं, की बापानंच पुढे नेलं नाही? नाखव्यांच्या गाठोड्यात त्याचं उत्तर नव्हतं, तळ्याच्या काचेच्या पेटीतही नव्हतं. आतिफाला चारपाच अंदाज सुचले. ते तिनं मनातच ठेवले.

"मला माहीत नाही, भाई," ती म्हणाली. "शोधत राहीन."

तो गेल्यावर तिनं वर्णनाच्या शेवटी एक ओळ वाढवली: 'पाने ५९ ते ६९ कोरी. कारण माहीत नाही.' आणि निकेतना बटण दाबायला सांगितलं.